कुठल्या पाण्याचा मासा

परवा आमच्या कॉलेजात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. जुन्या प्राध्यापकांच्या आठवणी सांगायच्या होत्या. एक गृहस्थ माईकपाशी गेले आणि म्हणाले, "वो मछलीवाली मैडम याद हैं ना? कलेक्टर साहब के सामने थाली में मछली काट दी थी." सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेत बसलेले आमचे जुने विभागप्रमुखही रुमालाने डोळे पुसत हसले. मला हसू आलं नाही. उठून चार शब्द बोलावेत असं फार वाटलं, पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. स्टेजवर उभं राहून बोलायची सवय मला अजून नाही. म्हणून इथे लिहिते आहे. त्या दिवशी कलेक्टर कचेरीत मासा का कापला गेला, हे हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं ते सगळ्यांत जास्त हसत होते.

मॅडम आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. उज्जैनच्या फ्रीगंज भागात भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहायच्या. लग्न केलं नव्हतं. घराणं जुनं, कोण्या पूर्वजाने सरदारांच्या दफ्तरात चाकरी केलेली. त्यांची मराठी उज्जैनची होती, म्हणजे अर्ध्या वाक्यात हिंदी शिरायची आणि रागावल्या की पूर्ण हिंदी व्हायची. त्या जवळजवळ नेहमीच रागावलेल्या असत.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. विचारलं, "कुठल्या पाण्याची गं तू?"

मला प्रश्न कळला नाही. मी गावाचं नाव सांगितलं. माझे वडील रेल्वेत गँगमन, खानदेशातून नोकरीपायी इकडे आलेले, आणि मी नागद्याजवळच्या एका लहानशा स्टेशनवर वाढलेली.

"स्टेशन नको सांगू. पाणी कुठलं प्यायलीस?"

"विहिरीचं, मॅडम."

"विहिरीलाही नदी असते. नागद्याजवळची म्हणजे चंबळेची. बस पुढे."

मी पुढे बसले. हिंदी शाळेतून आलेली, इंग्रजी शब्द ऐकले की घाम फुटणारी मुलगी पुढच्या बाकावर बसली, ती केवळ चंबळेची म्हणून. नंतर दोन वर्षं त्यांनी मला घरी बोलावून एकेक इंग्रजी शब्द फोडून शिकवला. त्याचे उपकार मी फेडू शकत नाही, आणि फेडायला गेले असते तर त्यांनी झापलं असतं.

त्यांचा विषय होता माशांच्या अंगातले परजीवी. कल्ल्यांना चिकटणारे, कातडीखाली ठिपक्यासारखे बसणारे, आतड्यात राहणारे. लोकांना वाटे, हे काय घाण काम. मॅडमचं म्हणणं असं की माशाचं आधार कार्ड त्याच्या पोटात असतं. एकाच जातीचा मासा क्षिप्रेत घ्या, कालीसिंधमध्ये घ्या, नर्मदेत घ्या. बाहेरून तिघे सारखे दिसतील. आत पाहा, प्रत्येकाकडे बिऱ्हाडकरू वेगळे. कारण या जंतांचं आयुष्य एका माशात पूर्ण होत नाही. काहींना आधी गोगलगाय लागते, मग मासा, मग तो मासा खाणारा बगळा. ज्या पाण्यात ती गोगलगाय नाही, तिथे तो जंतही नाही. जवळजवळच्या पाण्यांत पुष्कळसे जंत सारखे सापडतात, लांब जाल तसे बदलत जातात. पण नुसत्या अंतरावर काही नसतं, मधली डोंगराची कड महत्त्वाची, असं त्या सांगायच्या.

ही कड त्यांना जीव की प्राण होती. इंदूरच्या दक्षिणेला घाट सुरू होतो. अलीकडे पडलेला पाऊस चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या समुद्राला जातो. पलीकडे पडलेला नर्मदेतून पश्चिमेच्या समुद्राला. खंडव्याच्या बसने आम्ही मासे आणायला जायचो तेव्हा घाट उतरायला लागला की मॅडम उभ्या राहून सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "चलो, अब पानी बदल गया." लोक खिडकीतून ढगांकडे बघायचे.

परत येताना मांडीवर दुधाची मोठी बरणी असायची. त्यात जिवंत मासे. एकदा कंडक्टर म्हणाला, "मैडम, नीचे रख दो, दूध ढुल जाएगा."

"दूध नहीं है."

"तो क्या है?"

"सवारी है."

त्याने झाकण उचलून आत पाहिलं. "टिकट?"

"पाँच साल से छोटी है," मॅडम म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या.

मासा नदीकाठी, जिवंत असतानाच किंवा मेल्यावर लगेच उघडायचा, हा त्यांचा पहिला नियम. मासा बर्फात गेला की कल्ल्यांवरचे जीव सुटून जातात. बाजारातला मासा तर त्या हातात धरू द्यायच्या नाहीत. त्याला गाव नसतं, तो कुठल्याही धरणातून ट्रकने आलेला असतो. बाजारातून मासे विकत घेऊन वर 'क्षिप्रेतील मासे' असं लिहिणाऱ्या संशोधकांवर त्यांचा असा राग होता की एकदा एका परिसंवादात त्यांनी एका थोर पाहुण्याला सगळ्यांसमोर विचारलं, "सर, ही क्षिप्रा कितव्या दुकानातून वाहते?" त्यानंतर परिसंवादांची निमंत्रणं कमी झाली.

दुसरा नियम चाकूंचा. प्रत्येक नदीचा चाकू वेगळा. मुठीला दोरा बांधलेला, नर्मदेला लाल, क्षिप्रेला हिरवा, कालीसिंधला पिवळा. एका पाण्याचा चाकू दुसऱ्या पाण्याच्या माशाला लागला तर तो मासा बाद. नर्मदेचं पाणी पंपाने चढवून क्षिप्रेत आणलं, तेव्हा शहरात आनंद झाला, घाटावर आरत्या झाल्या. मॅडम घाटावर पदर खोचून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सबने हाथ जोड़े, अच्छी बात है. पण माशाला कोणी विचारलं का, तू आता कुठला?" आणि घरी येऊन त्यांनी हिरव्या दोऱ्याच्या चाकूला एक लाल दोराही बांधला.

त्या स्वतः शुद्ध शाकाहारी. आयुष्यात माशाचा तुकडा तोंडात घातला नाही. काम करून आल्या की अंघोळ, मग वरणभात. घरात त्यांचा फ्रिज वेगळा होता, तरी वहिनी धास्तावलेल्या. एकदा माझ्यासमोरच त्या वर आल्या. "वन्सं, तुमच्या त्या स्टीलच्या डब्यात मी आत्ता दही लावलं असतं. जरा तरी खूण करून ठेवा."

"खूण आहे की. पिवळा दोरा."

"दोरा बघून मला कालीसिंध कशी कळणार?"

"बरोबर आहे तुझं," मॅडम म्हणाल्या. वहिनींशी त्या कधीच भांडल्या नाहीत.

आता ते मासा कापण्याचं. शहराच्या बाहेर, नानाखेड्याच्याही पुढे, एक तलाव आहे. तो मच्छीमारांच्या एका समितीकडे लीजवर होता. समितीचे अध्यक्ष मांगीलाल, वडिलांपासून जाळं टाकणारा माणूस. मॅडम तिथे वर्षानुवर्षं मासे उघडायला जायच्या, त्यामुळे तलावातल्या जंतांची त्यांची ओळख पक्की. सिंहस्थाच्या नावाने शहर चारी बाजूंनी पसरत होतं. तलावाच्या वरच्या अंगाला एक मोठी कॉलनी झाली आणि तिचं सांडपाणी नाल्यातून थेट तलावात यायला लागलं. एका उन्हाळ्यात सकाळी समितीच्या बायका काठावर गेल्या, तर पाण्यावर पांढरी चादर पडल्यासारखे मासे. रोहू, कटला, लहान खवल्यांचे बारके मासे, सगळे पोट वर करून.

चौकशी बसली. चौकशीला तिघे: एक सरकारी अधिकारी, आमचे विभागप्रमुख आणि मॅडम. मच्छीमारांनी बाहेरून रोगट बी, म्हणजे माशांची पिल्लं, आणून सोडली, त्यांच्यातले जंत पसरले आणि मासे मेले, असं चौकशीआधीच बोललं जात होतं. तसं ठरलं तर लीज रद्द. तलाव मोकळा. तिथे बोटिंग आणि बगीचा करायचा नकाशा कॉलनीच्या जाहिरातीत आधीच छापला होता. मांगीलाल मॅडमच्या घरी आला, वर न येता जिन्यातच उभा राहिला. "मैडमजी, बीज बाहर से लाते हैं, पर इस साल डाला ही नहीं. पिछले का ही था. तालाब गया तो हम लोग कहाँ जाल डालेंगे? नल में?"

तपासणीसाठी मेलेले मासे कॉलेजात आले त्या दिवशी मी प्रयोगशाळेत होते. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. चौकशीतल्या अधिकारी साहेबांच्या ड्रायव्हरने थर्माकोलचा डबा टेबलावर ठेवला. मॅडम म्हणाल्या, "उघड." मी उघडला. आत मासे होते, पण खवले काढलेले, डोकी उडवलेली, पोट चिरून आतडं काढून टाकलेलं, स्वच्छ धुतलेले आणि वर हळद-मीठ चोळलेलं.

ड्रायव्हर अभिमानाने म्हणाला, "साहब पक्के शाकाहारी हैं, गाड़ी में बास नहीं चाहिए थी. मैं बाज़ार से साफ करवाकर लाया हूँ. हल्दी दुकानवाले ने अपनी तरफ से लगाई."

मॅडमनी डबा पुन्हा बंद केला. पहिल्यांदाच त्या ओरडल्या नाहीत. मला वाटलं आता पुन्हा मासे मागवतील. त्यांनी मागवलेही, पण बाकीचे तोवर खड्ड्यात पुरून वर चुना टाकला होता.

पुढच्या आठवड्यात त्या अधिकाऱ्यांच्या कचेरीत बैठक झाली. मी कागद धरायला सोबत होते. अहवाल तयार होता, फक्त सही राहिली होती. त्यात लिहिलं होतं की मृत माशांच्या आतड्यात अमुक जातीचे पट्टकृमी मोठ्या संख्येने आढळले. नाव वाचून मॅडमनी चष्मा काढला. विभागप्रमुखांनी ते नाव दक्षिणेकडच्या माशांवरच्या एका पुस्तकातून उतरवलं होतं. रोहू म्हटलं की हा जंत, एवढं बघून.

"सर, हा जंत माळव्यात मिळतच नाही. इतकी वर्षं मी इथले मासे उघडते आहे. एकदाही पाहिला नाही."

अधिकारी उलट खूश झाले. "वही तो मैडम. यहाँ का नहीं है, मतलब बाहर से आया. बाहर का बीज था. आपने तो हमारी बात पक्की कर दी. लिखवा लीजिए, मैडम की भी यही राय है."

मी मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी त्या सगळ्यांशी भांडल्या, की प्रत्येक पाण्याचे जंत वेगळे असतात, तीच गोष्ट उचलून कोणीतरी मांगीलालच्या गळ्याला लावली होती. आणि ती ज्याने लावली त्याला आपण काय केलं हे कळलंही नव्हतं, तो चहा मागवत होता.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "साहब, एक बात बताइए. ये कीड़ा मिला कहाँ?"

"लिखा तो है. आँत में."

"आँत कहाँ थी?"

अधिकारी अहवालाची पानं उलटायला लागले. मॅडम पुढे म्हणाल्या,

"मछली आपकी गाड़ी से आई थी. पेट खाली करके, हल्दी लगाके. ज्या माशाला आतडंच नव्हतं, त्याच्या आतड्यात सरांना जंत सापडला. मला चाळीस वर्षांत असा सापडला नाही, सर. मला पण शिकवा."

विभागप्रमुख म्हणाले, "मैडम, ये तो फॉर्मेलिटी है. इतना पर्सनल मत लीजिए."

मॅडमनी सही केली नाही. अहवाल दोन सह्यांवर पुढे गेला आणि लीज रद्द झाली. फॉर्मेलिटी. काही घरांच्या चुली विझवायच्या, आणि म्हणायचं फॉर्मेलिटी. हा शब्द मी आजही कोणाच्या तोंडून ऐकला की माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, कोणीही जाऊन गाऱ्हाणं सांगू शकतं. त्या मंगळवारी मॅडम, मी, मांगीलाल आणि समितीतल्या चार बायका गेलो. तलावाच्या दुसऱ्या टोकाला जुना झरा आहे, त्याच्याजवळ थोडे रोहू जगले होते. त्यातले दोन बरणीत होते. दुसऱ्या बरणीत सिंघी, मिशा असलेले काळपट मासे. दाराशी शिपायाने अडवलं, "इसमें क्या है?"

"सबूत," मॅडम म्हणाल्या.

कलेक्टर साहेब तरुण होते. अर्ज वाचून म्हणाले, "मैडम, रिपोर्ट तो एक्सपर्ट की है."

"तिसरी एक्सपर्ट मी आहे. मेरी सही उसमें क्यों नहीं है, ये दिखाने लाई हूँ." आणि त्यांनी स्टीलची थाली टेबलावर ठेवली, रोहू घेतला आणि उघडला. खोलीत गडबड झाली. कोणी नाकाला रुमाल लावला, कोणी बाहेर गेलं, कोणी 'हरे राम' म्हणालं. मॅडम वर्गात शिकवावं तसं सांगत होत्या. "हे आतडं. असं दिसतं, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी पाहून घ्या. पुस्तकातला तो जंत यात नाही. हे कातडीखालचे काळे ठिपके बघा, गोगलगायीकडून आलेले. ये इसी तालाब के घोंघे से आते हैं, और एक-दो महीने में इतने नहीं बैठते. हा मासा इथे दोन पावसाळे तरी राहिला आहे. म्हणजे मांगीलाल खरं बोलतोय. आता सिंघी बघा. ही पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते. सब सिंघी बच गई, रोहू मर गई. जंत असा भेद करत नाही. पाण्यातली हवा संपली की असं होतं. हवा कशाने संपली, ते नाल्याला विचारा."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढून ठिपके पाहिले. मग लीज रद्द करण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि नाल्याची वेगळी चौकशी करा असं लिहिलं. त्या आठवड्यात मांगीलालला तलाव परत मिळाला. मॅडमना मिळाली कारणे दाखवा नोटीस. शासकीय कार्यालयात मांस आणून धार्मिक भावना दुखावल्या म्हणून. ज्यांनी तेच मासे हळद लावून आणवले होते, त्यांच्या भावना दुखावल्या होत्या. मॅडमनी उत्तर दिलं की मासा बरणीत होता तोवर कोणाचं काही दुखलं नाही, पोट उघडल्यावर दुखायला लागलं. निवृत्तीनंतर त्यांना प्रयोगशाळेत येऊन बसायची परवानगी मिळाली नाही ती या उत्तरामुळेच. नाल्याच्या चौकशीचं पुढे काय झालं, हे मी अजून शोधते आहे.

समितीने नवं बी सोडलं, ते वाढलं आणि पुढच्या वर्षी पहिलं जाळं टाकायच्या दिवशी मॅडमना मानाने बोलावलं. रविवार होता. काठावर सतरंजी, गूळ, शेव. मांगीलालच्या बायकोने मॅडमच्या कपाळाला कुंकू लावलं. जाळं आलं, भरलेलं. मांगीलालने सगळ्यांत मोठा रोहू मॅडमच्या पुढे ठेवला. "मैडमजी, आप खाती तो हैं नहीं. खोलकर देख लीजिए."

मॅडमनी तिथेच बसून मासा उघडला. कल्ले पाहिले, आतडं ताटलीत सोडवून पाहिलं, कातडी उजेडात धरली. दुसरा मागितला, मग तिसरा. मग मला म्हणाल्या, "तू बघ गं, माझे डोळे गेलेत." मी पाहिलं. काही नव्हतं. एक ठिपका नव्हता.

"देखो," मांगीलाल सगळ्यांना म्हणाला, "एक कीड़ा नहीं. अब बोले कोई कि हमारी मछली रोगी है."

लोक हसले, शेव वाटायला लागले. मलाही बरं वाटलं. जंतांच्या नावाने ज्यांचा तलाव गेला होता, त्यांच्या माशांत आता जंतच नव्हते. मॅडमचा पारा मात्र चढत चालला होता. मांगीलालवर रागावलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

"हँस मत. घोंघे कहाँ हैं?"

"कौन से घोंघे?"

"काठाला असायच्या त्या गोगलगायी. पोरं त्यांच्या माळा करायची."

मांगीलालने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "कॉलोनी बनी तब से कम होते गए. इस बारिश के बाद तो एक नहीं दिखा."

"और बगुले?"

सगळ्यांनी समोरच्या काठाकडे पाहिलं. तिथली बाभळ रिकामी होती.

मॅडमनी चाकू पाण्यात बुडवून धुतला. "कीड़े को घोंघा चाहिए, बगुला चाहिए. कीड़ा नहीं है, मतलब उसका घर टूट गया. पहले वो मरते हैं जिनको कोई नहीं गिनता. मछली का नंबर बाद में आता है."

मांगीलालच्या हातात शेवेचा कागद तसाच राहिला. "तो हम जो लीज छुड़ाकर लाए..."

"लीज नुसती कागदावर सुटली. तलाव अजून त्या कॉलनीवाल्यांच्याच हातात आहे."

त्या उठल्या. पदर खोचला, रिकामी बरणी उचलली आणि तलावाच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या दिशेने चालायला लागल्या. उन्हं चढली होती, वय झालं होतं, पायवाटेला चिखल होता.

मांगीलाल मागून म्हणाला, "मैडमजी, आज इतवार है. सब दफ्तर बंद हैं."

मॅडम थांबल्या नाहीत. "नाला चालू है," त्या म्हणाल्या.